राखीव खात्याची चावी

सर, मी ओमानमधल्या दुक्महून लिहितोय. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली आणि पत्र लिहिण्याची ही काही वेळ नव्हे, एवढं मलाही कळतं. पण आज शुक्रवार आहे, कामाला सुट्टी आहे, दुपारचं जेवण आत्ताच झालंय, आणि हे जेवण कुणाच्या स्वयंपाकघरात शिजलं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घालून केलेलं. बांगडे इथल्याच किनाऱ्यावरून आणले होते, तिरफळं रजेवरून परतलेल्या एकाने बॅगेत लपवून आणली होती. आमचे वेल्डर, सगळे ज्यांना मामा म्हणतात ते, आत भांडी आपटतायत, कारण भात कमी पडला आणि त्याचा राग ते पातेल्यांवर काढतायत. पडू दे कमी. आमचा भात आहे, आम्हीच कमी लावला. कोठीची चावी माझ्या शर्टाच्या खिशात आहे आणि मी दर पाच मिनिटांनी हात लावून बघतोय.

तुम्हाला मी आठवतो ना? नववी-दहावीला इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर, खिडकीकडे. नारळ पाडणाऱ्याचा मुलगा. बाबा गावातल्या बागायतदारांच्या माडांवर चढायचे आणि मी खाली नारळ गोळा करायला जायचो, म्हणून सोमवारी माझी दांडी ठरलेली. तुम्ही कधी त्यावरून बोलला नाहीत. मला बोललात ते एकदाच, वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ते असं बोललात की अजून ऐकू येतं. इतिहास तुम्ही शिकवायचात म्हणजे काय करायचात, तर भांडण लावून द्यायचात. साहेबाने पहिल्यांदा काय देऊ केलं, आपल्या माणसांनी त्यावर काय म्हटलं, कोण म्हणालं मिळतंय तेवढं पदरात पाडून घेऊ, कोण म्हणालं तुकडा नको. मवाळांना आम्ही हसलो तर तुम्ही डस्टर आपटायचात. "हसू नका. साहेबाला कायद्याच्या भाषेत जाब विचारायला त्यांनी शिकवलं तुम्हाला," म्हणायचात. मग फळ्यावर मधोमध एक रेघ. एका बाजूला सोपीव खाती, दुसऱ्या बाजूला राखीव खाती. शाळा, दवाखाने, गटारं आपल्या मंत्र्यांकडे सोपवलेली. पोलीस, महसूल, तिजोरी साहेबाने राखून ठेवलेली. "म्हणजे दवाखाना तुमचा, पण औषधाला पैसे कोण देणार ते आम्ही ठरवू. याला म्हणतात कोपराला गूळ लावणं," असं म्हणून तुम्ही स्वतःच्या कोपराला जीभ लावायचा प्रयत्न करून दाखवायचात आणि अख्खा वर्ग लोळायचा. मीही लोळायचो. परीक्षेला द्विदल राज्यपद्धतीवर टीप आली की चार गुण पक्के. ती पद्धत पुढे एक दिवस माझ्याच ताटात येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आणि तुमचा तो खेळ. दरवर्षी एकदा तुम्ही शिक्षकांच्या खोलीत गोलमेज भरवायचात, कारण मोठं टेबल तिथेच होतं. दहावीच्या वर्षी व्हाइसरॉय झाला होता बागायतदारांचा मुलगा, ज्यांच्या माडांवर बाबा चढायचे. हिंदी बाजूने आम्ही तिघं, आणि मी पुढारी. दोन दिवस मी पाठांतर केलं होतं. वसाहतीचं स्वराज्य नको, पुढे कधीतरी देऊ हे नको, तारीख सांगा. आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं होतं. बाहेर व्हरांड्यात वर्ग दाटीवाटीने उभा. तुम्ही आतून हाक मारलीत, "हिंदी प्रतिनिधींनी यावं!" आणि आम्ही तिघांनी काय केलं? उंबऱ्याशी चपला काढल्या. ओळीने नीट लावून ठेवल्या. मी मान आत घालून विचारलं, "येऊ का, सर?" शिक्षकांच्या खोलीत पोरांनी अनवाणीच जायचं, ती सवयच होती. समोर व्हाइसरॉय कॅनव्हासचे बूट घालून खुर्चीत रेलला होता. तुम्ही उठलात. मला वाटलं, तुम्ही टेबल सरकवणार. तुम्ही म्हणालात, "वाटाघाटी संपल्या. जा घरी." मी अजून एक शब्द बोललो नव्हतो, सर! मग तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की एके काळी साहेबाच्या कचेरीत देशी जोडा दाराबाहेर काढावा लागे आणि विलायती बूट असतील तर घालून आत जाता येई. त्या एका गोष्टीवरून आपल्या माणसांनी किती भांडण केलं. पुढे एक पंचा नेसलेला म्हातारा विलायतेत खुद्द राजाच्या महालात चहाला गेला, तो पायातल्या चपलांसकट. "आणि तुम्हाला तर कुणी काढायला सांगितलंही नव्हतं," म्हणालात. मला परत बाहेर पाठवलंत. चपला घालून ये. मी घातल्या. पण उंबरा ओलांडवेना. समोर तो बागायतदारांचा मुलगा, त्याच्या मागे तुम्ही, माझ्या मागे सगळा वर्ग, आणि मी तिथे उभ्या उभ्या रडलो. माझा तुमच्यावरचा राग तेव्हापासूनचा आहे, सर. तुम्हाला काय जात होतं? संध्याकाळी बाबांना त्याच बागेत जायचं होतं.

राग होता तरी आयटीआय झाल्यावर पेढे द्यायला आलो तो तुमच्याकडेच. गल्फच्या मुलाखतीला मुंबईला निघालो, त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला बोलावून घेतलंत. माळ्यावरून एक खोका काढलात. तुमचे काळे लेसचे बूट, शाळा तपासणीला साहेब यायचे त्या दिवशीच घालायचात ते. तळ नवा लावून आणला होतात. मला एक नंबर मोठे होत होते, तर तुम्ही स्वतः वर्तमानपत्राचे बोळे करून टोकाला कोंबलेत. "आत जाताना काढायचे नाहीत," एवढंच म्हणालात. तुमच्या बायकोने कोकमाचं सरबत दिलं. त्या दिवशी तुम्ही इतिहासातलं एक अक्षर बोलला नाहीत. मी वाकून नमस्कार केला तेव्हा बूट माझ्या काखेत होते आणि एक खाली पडला, त्यावर तुम्ही हसलात. त्या मुलाखतीबद्दल मी तुम्हाला पत्रात काय लिहिलं, ते तुमच्या लक्षात असेल. माझ्या तर आहेच.

आता इथलं सांगतो. पहिली काही वर्षं मी रुस्ताकला एका वर्कशॉपमध्ये काढली, अर्बाब, म्हणजे मालक, भला माणूस होता, त्याच्याच घरून खजूर आणि भात यायचा. मग मस्कत, मग इथे. इथे पाइपिंगचा फोरमन आहे. दुक्म म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू आणि मध्ये आम्ही, सगळे पुरुष, काँट्रॅक्टवर. आमच्या ब्लॉकमध्ये बहुतेक आपल्याच बाजूची माणसं, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. जेवण केटरिंगवाल्याचं. दोन वर्षं तीच पिवळी डाळ आणि तोच कोंबडीचा रस्सा. सर, चार किलोमीटरवर कोळी होड्या लावतात आणि आम्ही कोकणातली माणसं मासळीचा वास घेत डाळ ओरपतोय! कुणाला पित्त, कुणाचं पोट बिघडलेलं, एक जण तर नुसतं दही-पाव खाऊन दिवस काढायचा. तक्रारीच्या वहीत लिहून लिहून हात दुखले. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की रिकामं पडलेलं जुनं स्वयंपाकघर मागायचं. शिजवणार आम्ही, आणणार आम्ही, भांडी घासणार आम्ही. आणि बोलायला पाठवलं मला, कारण मला लिहिता येतं आणि केस पांढरे झालेत. बरोबर मामा आणि लांज्याचा एक इलेक्ट्रिशियन.

ॲडमिन मॅनेजर आपलाच, मुंबईचा, पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. त्याच्या ऑफिसच्या दाराशी आम्ही पोचलो आणि तिघांनीही सेफ्टी शूज काढून बाहेर लावले. पाटी नाही, कुणी सांगितलं नाही. आत पांढऱ्या फरश्या, एसी असा की पायाला मुंग्या. मामांच्या मोज्यातून अंगठा बाहेर. ते बिचारे एक पाय दुसऱ्यावर ठेवून अंगठा झाकत होते, आणि मॅनेजर बोलत होता ते त्यांच्या कानातही जात नव्हतं. तो इंग्लिशमध्ये बोलला. मग हिंदीत. मराठी शेवटी, दाराशी पोचवताना. मेस कमिटी करू म्हणाला. तीन मेंबर, एक तुमचा, दोन आम्ही नेमू. मेनू तुम्ही सुचवायचा. स्वच्छतेवर लक्ष तुम्ही ठेवायचं. कोठी, खरेदी आणि आचारी मात्र केटरिंगवाल्याकडे. "फर्स्ट स्टेप आहे. पुढे बघू." आणि मी, तुमचा विद्यार्थी, ज्याला या टिपेला दरवेळी चारपैकी चार मिळायचे, मी काय म्हटलं? "थँक यू, सर." वर हातही जोडले. बाहेर येऊन बाकावर बसून लेस बांधत होतो, तर मामा शेजारी बुटाशी झटापट करत म्हणाले, "गे बाये! बूट भायर काढूक तुका सांगितल्यान कोणी?" मी म्हटलं, "कोणी नाय." "मगे काढलंस कित्याक?" "तुम्हीही काढलेत की." "मी तुझा बघून काढलंय!" म्हणाले. सर, माझ्या हातातली लेस तशीच राहिली. पस्तीस वर्षं उलटली, समुद्र ओलांडला, आणि मी पुन्हा त्याच उंबऱ्याशी. तुम्ही उठून उभे राहिलेले दिसलात. वाटाघाटी संपल्या, जा घरी.

पुढच्या शुक्रवारी मेसमध्ये सभा झाली. चहाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून मी त्यावर मार्करने मधोमध रेघ ओढली. एका बाजूला मेनू, झाडू, तक्रारवही. दुसऱ्या बाजूला कोठी, खरेदी, आचारी. आणि तुमच्याच शब्दांत सांगायला सुरुवात केली. सोपीव खाती, राखीव खाती. माझा आवाज आधी चिरका येत होता, मग बसला जागेवर. कोपराला जीभ लावूनही दाखवली. सगळे हसले. लांज्याचा म्हणाला, "पण दादा, मेनू तर मेनू, सुरुवात तर होईल ना? आत जाऊन भांडू." मी म्हटलं, बरोबर आहे, तेव्हाही काही लोक असंच म्हणाले आणि ती काही भित्री माणसं नव्हती. "मग त्यांचं काय झालं?" आत गेले, भाषणं केली, ठराव मांडले, आणि तिजोरीची किल्ली साहेबाच्याच कमरेला राहिली. दुसऱ्यांनी कौन्सिलात पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं. "आणि त्यांचं?" त्यांचंही लगेच काही झालं नाही, खोटं कशाला सांगू. वर्षानुवर्षं बोलणी झाली, मोडली, पुन्हा झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे पण शेवटी काय ता सांग मरे!" मी म्हटलं, "शेवटी साहेब बोटीत बसून घरी गेले." त्यावर जो काही गलका झाला तो तुम्ही ऐकायला हवा होता. दही-पाववाला टेबलावर थापा मारत होता. ठरलं असं की कमिटीवर कुणीही जायचं नाही. कामात कसूर करायची नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त त्या फॉर्मवर आपल्यातल्या एकाचंही नाव जाता कामा नये.

तीन आठवडे तो फॉर्म नोटीसबोर्डवर लटकला. मेंबर म्हणून ज्याला विचारावं तो म्हणे, "मला लिहायला येत नाही हो." यात एक डिप्लोमावालाही होता. आणि प्रोजेक्ट ज्यांचा त्यांचं इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं. कामगारांची कमिटी आहे, तिच्या बैठका होतात, हे सहीनिशी दाखवायचं होतं. मॅनेजरने मला एकट्याला बोलावलं. साइटवरच, पाइपांच्या थप्पीशी, गाडीची काच खाली करून. आता मात्र मराठीत. "अहो, मी तुमचाच आहे. माझी सासुरवाडी मालवणची. मासे मलाही आवडतात. पण किचन चालवणं सोपं नाही. गॅस आहे, हायजीन आहे. तुम्ही लोक अजून तयार नाही. टप्प्याटप्प्याने घेऊ ना." तयार नाही! सर, ते शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच ना ते? हिंदी लोक स्वराज्याला लायक झालेत का ते तपासायला सात गोरे बोटीने आले होते आणि त्यांच्यात आपला एकही माणूस नव्हता. तुम्ही तो धडा शिकवताना काळं कापड काठीला बांधून वर्गात आणलं होतंत. मी म्हटलं, "साहेब, आम्ही जोडलेल्या लाइनीतून उद्या तेल वाहणार. आमच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढून पास करता. त्यावर भरवसा आहे आणि भाताच्या टोपावर नाही?" त्याने गाडीतल्या कागदांची चळत सरळ केली. मग अगदी सहज म्हणाला, "तुमचं काँट्रॅक्टचं रिन्यूअल येतंय ना दोन महिन्यांनी?" घाबरलो, हे कबूल करतो. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, घराचं छप्पर अर्धं झालंय. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "येतंय. आणि बोलायचं असेल तर आम्ही तिघं येऊ. एकट्याला बोलवू नका." काच वर गेली.

त्या रात्री, त्याच्या दुसऱ्या रात्रीही मी मनात तुमच्याशी भांडलो. तुम्ही किती आरामात बसला होता हो सर, पगार सरकारचा, घर स्वतःचं, आणि आम्हाला सांगताय तुकडा घेऊ नका! तुमचं रिन्यूअल कोण थांबवणार होतं? बाबांनी बागायतदारांकडे चपला घालून जावं असं तुम्हाला वाटत होतं, तर एकदा तुम्ही बरोबर यायचं होतंत. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोललो नाही. आज बोलतोय, कारण आज मला तो हक्क आहे.

इन्स्पेक्शन अगदी जवळ आलं तेव्हा तिघांनाही मिळून बोलावणं आलं; बैठक मंगळवारी ठरली, दुपारच्या सुट्टीत. सकाळी सिमेंटचं काम चालू होतं, तिघांचेही बूट करड्या गाळाने माखलेले. दाराशी आलो. लांज्याचा सवयीने वाकला. मामांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी दार ढकललं आणि आत गेलो. पांढऱ्या फरशीवर ठसे उमटले, टेबलापर्यंत, एकेक स्वच्छ दिसत होता. या वेळी आतमध्ये एक ओमानी अधिकारीही बसले होते, कामगार खात्याकडचं बघणारे, पांढऱ्या पायघोळ डिशडाशातले, पायात चामड्याच्या चपला. मॅनेजर फरशीकडे बघून म्हणाला, "शूज..." मी म्हटलं, "हो, बूट आहेत." आणि बसा म्हणायची वाट न बघता खुर्ची ओढून बसलो.  ओमानी अधिकाऱ्यांनी आमच्या बुटांकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे, आणि घड्याळ दाखवून म्हणाले, "यल्ला, बोला." बोलणं दीड तास चाललं. आधी आठवड्यातून दोन दिवस चावी देऊ म्हणाले. नको. मग सहा महिने ट्रायल, चावी रोज संध्याकाळी ऑफिसात जमा. नको. मग चावी आमच्याकडे पण आचारी त्यांचा. मामांचा चेहरा बघून तेही नको. दर वेळी मी एकच सांगत होतो, "तपासायला कधीही या, पहाटे या, भरल्या जेवणात या. चावी आमच्याकडे राहील." गॅसची तपासणी आणि आग विझवायची व्यवस्था सेफ्टीवाल्यांकडे राहील, हे मी मान्य केलं. त्याला तुम्ही राखीव खातं म्हणाल, तर म्हणा. मी पाइपलाइनीचा माणूस आहे, गॅसची थट्टा मला परवडत नाही. तुमचा फळा वेगळा आणि माझा वेगळा. शेवटी मॅनेजरने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आणि जमलं नाही तर?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मामा म्हणाले, "नाय जमला तर आमचाच पोट दुखतला. तुमी कित्याक घाबरतास? शुक्रवारी जेवक येवा." तो हसला नाही. पण ओमानी अधिकारी कागद पुढे सरकवत म्हणाले, "खलास. लिहा." मामांनी काय म्हटलं ते त्यांना कुणी भाषांतर करून सांगितलंही नव्हतं. बाहेर पडताना मी मागे वळून फरशीकडे बघितलं. एक सफाईवाला बादली घेऊन आलाच होता. मला त्याची लाज वाटली आणि मी त्याला तसं म्हटलंही. "कोई बात नहीं भाई," म्हणाला. शुक्रवारी तोही जेवायला असतो.

तर असं आहे. चावी पितळी आहे, कुलूप जुनं आहे, मामा रोज कुणाशी तरी भांडतात आणि तांदूळ कधी कमी पडतो, कधी उरतो. लांज्याचा आता खरेदीला जातो आणि कोळ्यांशी त्याची अरबी माझ्यापेक्षा बरी चालते. माझं रिन्यूअल अजून आलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, इन्शाल्ला. नाही आलं तर नाही आलं! छप्पर एका पावसाळ्यापुरतं ताडपत्रीने झाकता येतं. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच बूट घालून गेलात?" तिला यात एवढं काय ते कळलं नाही, पण तिचा आवाज मला आवडला.

हे पत्र कुठे पाठवू? तुमचं शाळेमागचं घर आता दुसऱ्याच कुणाचं आहे. घडी करून कोठीत कोकमसोलांच्या बरणीखाली ठेवीन. मामांना वाचायला दिलं तर ते चूल पेटवायला घेतील, गॅस असला तरी. पण ठेवण्याआधी एक राहिलंय आणि तेवढ्यासाठीच मी बहुतेक हे सगळं लिहिलं. पहिल्या रजेला मी गावी आलो तेव्हा तुम्ही मला नववीच्या वर्गात नेलंत. मी ओमानहून पाठवलेलं पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवलं होतंत. "सर, तुमचे बूट घालूनच आत गेलो, काढले नाहीत," हे वाक्य दोनदा वाचलंत म्हणे. पोरं माझ्या पायांकडे बघत होती. मी नवे, विमानतळावर घेतलेले बूट घातले होते. तुम्ही विचारलंत, "माझे जपून ठेवलेयत ना?" आणि मी हो म्हटलं. पुढच्या रजेला तुम्ही नव्हतात.

मुंबईत त्या मुलाखतीला एजंटच्या दाराशी पायताणांचा ढीग होता, सर. मी दहा मिनिटं त्याच्यासमोर उभा होतो. मग तुमचे बूट काढले, वर्तमानपत्राचे बोळे पडू नयेत म्हणून हळू काढले, भिंतीला लागून ठेवले, आणि अनवाणी आत गेलो. निवड झाली. बाहेर आलो तेव्हा बूट तिथे नव्हते.